पॅकेट तारेवर उतरतच नाही

‘फायरवॉल बसवलंय, आता कसली भीती?’ हा समज सर्व्हर रूममध्ये पक्का रुजलेला आहे. पण एकाच होस्टवर (खऱ्या यंत्रावर) वीस व्हीएम (आभासी यंत्रं) चालत असतील, तर त्यांचं आपापसातलं बोलणं फायरवॉलच्या कानावर पडतच नाही. वेब सर्व्हर फोडून आत आलेला चोर शेजारच्या डेटाबेसचं दार ठोठावतो, ते सगळं होस्टच्या मेमरीतच घडतं. पहारा तिथेच हवा. व्हीएम चालवणारं प्रॉक्समॉक्स, त्यांना आपापसात जोडणारा आभासी स्विच म्हणजे ओपन व्हीस्विच, आणि ट्रॅफिक ऐकून नोंदी ठेवणारा पहारेकरी झीक (व्हर्न पॅक्सन यांनी 1995 मध्ये सुरू केलेला ‘ब्रो’, 2018 पासून झीक) हा फुकटातला संच घेऊ.

झीकच्या व्हीएमला दोन नेटवर्क कार्डं द्या. स्विचचा ‘मिरर’ इतर पोर्टांवरच्या ट्रॅफिकची नक्कल झीककडे पाठवतो. या मिररचं आउटपुट पोर्ट नेहमीचं ट्रॅफिक घेत नाही, त्यामुळे एकाच कार्डावर भागवलंत तर त्या व्हीएममध्ये लॉगिनही करता येणार नाही. ऐकणाऱ्या कार्डावरची प्रॉक्समॉक्समधली ‘फायरवॉल’ची टिक काढा, नाहीतर त्याचं टॅप पोर्ट (होस्टकडचं टोक) ओपन व्हीस्विचऐवजी मधल्याच एका ब्रिजला जोडलं जातं. मग सगळ्या पोर्टांचा मिरर ‘टॅप105आय1’वर वळवा (105 हा व्हीएमचा क्रमांक, 1 म्हणजे दुसरं कार्ड). व्हीएम बंद करून सुरू केली की हे पोर्ट नव्याने तयार होतं आणि मिरर मुकाट्याने तुटतो. म्हणून मिररची आज्ञा हुकस्क्रिप्टमध्येच (व्हीएम सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) टाका. मिररला आपल्याच होस्टवरचं दिसतं, तेव्हा होस्टागणिक एक झीक हवा.

आता खरी गंमत. टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये 16 बिटांची चेकसम असते, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखायची बेरीज. ती मोजण्याचं काम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हल्ली नेटवर्क कार्डावर ढकलतो: स्वतः फक्त पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी यांची बेरीज लिहितो, उरलेली कार्डाने करावी म्हणून खूण ठेवतो. पण दोन व्हीएममध्ये खरं कार्डच नाही! बेरीज अर्धीच राहते. घेणाऱ्या व्हीएमला ती खूण मिळते, म्हणून तिचं काही अडत नाही. पॅकेट वाचणाऱ्या झीकला मात्र नुसती चुकलेली बेरीज दिसते आणि तो पॅकेट टाकून देतो. हा त्याचा मूर्खपणा नाही. हल्लेखोर मुद्दाम चुकीच्या चेकसमची पॅकेटं घुसवून पहारेकऱ्याला चकवू शकतो, कारण ती समोरचं यंत्र टाकून देतं, पण भोळा पहारेकरी खरी मानतो. त्यामुळे तपासणी सरसकट बंद करण्यापेक्षा झीकच्या ‘इग्नोअर चेकसम्स नेट्स’ या सेटिंगमध्ये फक्त आतले सबनेट (पत्त्यांचे गट) द्या.

कार्डावर ढकललेलं दुसरं काम मोठ्या डेटाचे पॅकेटांएवढे तुकडे पाडण्याचं. तेही होत नाही, म्हणून 64 केबीपर्यंतची अगडबंब पॅकेटं येतात. झीकची मूळ स्नॅपलेन (एका पॅकेटमधलं किती वाचायचं ती मर्यादा) 9216 बाइट, पुढचं कापलं जातं. ती 65535 करा.

वर ‘एआय’चं लेबल लावलेली महागडी पेटी घेतली, तरी न पोचलेलं पॅकेट तिलाही दिसणार नाही. दसऱ्याला सर्व्हरला झेंडू वाहूनही नाही.

सगळ्या व्हीएमची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळवा. मग पहारा चालतोय का ते तपासायला एका व्हीएमवरून दुसरीवर एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची) चुकीच्या पासवर्डाची 30 कनेक्शनं अर्ध्या तासाच्या आत करा. झीकच्या नोटीस लॉगमध्ये ‘पासवर्ड गेसिंग’ उमटायला हवं. नाही उमटलं तर कनेक्शन लॉगचा ‘हिस्टरी’ रकाना बघा. तिथे ‘सी’ अक्षर दिसलं, तर चेकसम अजून आडवी येतेय.