बोडीतला भुंगेरा नवा निघाला तर? पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडे अंगणातला बल्ब लावला, की बोडीतले (लहान तळ्यातले) आणि बांधीतले (भाताच्या खाचरातले) काळे गुळगुळीत पाणभुंगेरे भिंतीवर येऊन आपटतात. यातले बरेच हायड्रोफिलिडी कुळातले. मिशा आखूड, टोकाला गदेसारख्या. मिशा वाटतात ते लांब धागे खरं तर तोंडाजवळचे स्पर्शक. पाण्याच्या बाटलीत सोडा, पोटाखाली हवेचा चांदीसारखा थर चमकेल. श्वासाला हा डोकं वर काढतो. दुसरा नेहमीचा पाणभुंगेरा, डायटिस्किडी कुळातला, मागचं टोक वर काढतो.

यातला एखादा शास्त्राला नवा असेल तर अर्ज कुठे करायचा, असं कॉलेजातली पोरं विचारतात. सेतू केंद्रात असा अर्ज नाही, आणि ‘नवी प्रजाती’ असा दाखलाही कुणी देत नाही. प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रसिद्ध झालेलं वर्णन हाच अर्ज आणि हाच दाखला.

पात्रतेत पदवीची किंवा वयाची अट नाही. अडतं ते वाचनावर. आपला भुंगेरा आधी कुणी नोंदवलेला नाही हे आपणच दाखवायचं, आणि नावांची मोजणी १७५८ पासून सुरू होते. मायकेल हॅन्सन यांची हायड्रोफिलिडींची १९९९ची जागतिक सूची आणि तिच्यानंतरचे शोधनिबंध चाळावेच लागतात. या कुळाचा अभ्यासक सहलेखक म्हणून घ्या. एकट्याने उडी मारू नका.

नवेगाव-नागझिरा किंवा ताडोब्यातून किडा उचलायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आधी हवी. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला सांगून ठेवलेलं बरं. नमुना परदेशी पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघा.

आता कागदपत्रं. सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र नखाएवढं असतं: नमुन्याची चिठ्ठी. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, बोडी की बांधी की दिव्यावर, कुणी पकडला. ती पेन्सिलीने लिहा. मी पहिल्या वर्षी बॉलपेनने लिहिली, स्पिरिटमध्ये शाई उतरली आणि अकरा भुंगेरे बिनगावाचे झाले. फेकले नाहीत, पण कामाचेही राहिले नाहीत.

मग एकच नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला मूळ नमुना, ठरवायचा. शक्यतो नर, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरूनच वेगळ्या काढता येतात. निबंधात ही प्रजाती नवी आहे असं स्पष्ट लिहायचं, जवळच्या प्रजातींपासूनचा फरक शब्दांत मांडायचा आणि होलोटाइप कोणत्या संग्रहात ठेवणार तेही नमूद करायचं. यातलं एक राहिलं तरी नाव ग्राह्य धरत नाहीत. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती अधिकृत भांडाराला कळवून नमुने जमा करावे लागतात; प्राण्यांसाठी असं एक भांडार म्हणजे कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण. पोचपावती जपा.

निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर त्याआधी झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी सक्तीची आहे, २०१२ पासून. फी नाही. नाव रोमन लिपीत. गावावरून ठेवलं तर चालतं, स्वतःवरून ठेवायला मनाई नसली तरी लोक हसतात. आणि निबंध निघेपर्यंत ते नाव पेपरवाल्यांना सांगू नका.

निघाला की एक प्रत गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लावा. आमच्या वहीत माशांची पानं भरलीत, किड्यांचं कोरंच आहे.