खुलासा: वाहन म्हैस, म्हणून पाऊस भरपूर?

‘पहिले मृगाचा पाऊस चुकत नव्हता. यंदा वाहन म्हैस आहे, पेरून टाका.’ जूनमध्ये परभणी-बीडकडं पारावर हे हमखास ऐकू येतं. दोन्ही गोष्टींत तथ्य नाही.

वाहन म्हणजे पंचांगात पावसाच्या नक्षत्राला दिलेला प्राणी; त्यावरून पाऊस किती, ते सांगतात. ते निघतं कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आकड्याला 9 नं भागायचं. बाकी 3 उरली की बेडूक, 7 उरली की म्हैस, शून्य म्हणजे हत्ती. झालं! ह्यात ढग नाही, वारा नाही, गावसुद्धा नाही. तोच बेडूक चेरापुंजीला आणि तोच जैसलमेरला.

राहिला जुना काळ. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसंच आज ‘तवा पाऊस वेळेवर यायचा’ म्हणतात. कोरडी वर्षं आठवणीतून सोयीनं गळतात.

खरं नुकसान मृगातच पेरायच्या नेमापायी होतं. मृग लागला, वडील म्हणाले, पेरलं. कोंब वर येतात, पाऊस दडी मारतो, मग दुबार पेरणी आणि बियाणं पुन्हा उधारीवर. तरी घरात वडलांना विचारायची टाप कुणाची? कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. ओल वीतभर खाली गेली का, ते कुदळीनं उकरून बघता येतं.