छतावर सोलर बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव बघा

'पीएम सूर्यघर' या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा अर्ज भरणारे बरेच जण पॅनेल कोणतं घ्यावं यावर आठवडाभर डोकं लावतात आणि अर्ज अडतो भलत्याच ठिकाणी. बिल अजून आजोबांच्या नावावर असतं! अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतं, आणि ग्राहक म्हणजे ज्याचं नाव बिलावर आहे तो. म्हणून पहिलं काम वीज कंपनीकडे नाव बदलून घेण्याचं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. सहीसाठी काका-आत्यांना गाठण्यात जे दिवस जातात, ते कुठल्याच वेळापत्रकात धरलेले नसतात.

बाकी पात्रता सोपी आहे. जोडणी घरगुती हवी, पॅनेल बसेल असं छत स्वतःचं हवं आणि सोलरसाठी आधी अनुदान घेतलेलं नसावं. फ्लॅटवाल्यांचं छत सामाईक असतं, त्यामुळे तिथे सोसायटीने पुढाकार घ्यावा लागतो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला प्रति किलोवॉट 18,000 रुपये मिळतात.

घरासाठी पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. 5 किलोवॉट बसवलं तरी रक्कम तेवढीच. मग बसवायचं किती? बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा. 1 किलोवॉटमधून दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात आणि त्याला 100 चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं. एखाद्या मे महिन्याचं बिल बघून हिशोब करू नका, वर्षाची सरासरी काढा.

कागदपत्रं फार नाहीत: ताजं वीजबिल, आधार, पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, छताच्या मालकीचा पुरावा. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक भरायचा. महावितरणच्या बिलावर हा क्रमांक 12 अंकी असतो. शेजारी छापलेला 4 अंकी आकडा बिलिंग युनिटचा. घाईत तोच टाकला जातो.

पूर्वी इथून पुढे तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागायची. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राचे ग्राहक हक्क नियम बदलले आणि 10 किलोवॉटपर्यंतचे अर्ज त्या तपासणीशिवाय मंजूर समजले जाऊ लागले. मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येते ती मर्यादा, कमी असेल तर तोही वाढवून दिला जातो.

मंजुरीनंतर नोंदणीकृत विक्रेता निवडा. पोर्टलवर यादी असते. दारावर येऊन 'सगळं मी बघतो' म्हणणारा त्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच हवीत, नाहीतर अनुदान मिळत नाही. काम झालं की तपशील पोर्टलवर टाकून नेट मीटरसाठी अर्ज करायचा. वीज कंपनीची पाहणी होते, मीटर बसतो, संच सुरू झाल्याचा अहवाल निघतो. त्यानंतर बँकेचे तपशील भरले की साधारण 30 दिवसांत अनुदान जमा होणं अपेक्षित असतं.

नेट मीटरचं काम थोडक्यात असं: दुपारी घरात वापर कमी, म्हणून जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जाते, संध्याकाळी सगळ्यांची मागणी एकदम वाढते तेव्हा आपण ग्रिडमधून घेतो. बिल फरकाचं येतं.

एक गोष्ट विक्रेते आपणहून क्वचितच सांगतात. लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड संचही बंद पडतो, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. तारेवर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. लाइट गेल्यावरही पंखा चालायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही, तेव्हा कोटेशन मागतानाच बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय असे दोन्ही दर लिहून घ्या.