उर्नेस: उभ्या चर्चखालचं पुरलेलं चर्च

नॉर्वेच्या पश्चिम भागात, सोग्नेफ्योर्ड या समुद्राच्या लांब, अरुंद खाडीच्या एका फाट्याकाठी उर्नेसचं लाकडी चर्च आहे. १९७९ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. इमारत ११३० च्या दशकातली. पण उत्तरेच्या भिंतीतली कोरीव दारचौकट, दार आणि काही फळ्या त्याहून जुन्या आहेत. लाकडातल्या वलयांवरून त्यांचा काळ १०७० च्या आसपासचा ठरतो. चौकटीवर एक सडपातळ चतुष्पाद प्राणी आणि त्याला वेढणाऱ्या सापांची गुंतागुंत कोरलेली आहे. या शैलीला नावच ‘उर्नेस शैली’ पडलं. नवं चर्च बांधणाऱ्यांनी हे जुनं काम जपून पुन्हा बसवलं, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

मग जुनं चर्च गेलं कुठे? अकराव्या शतकात नॉर्वेत ख्रिस्ती धर्म रुजत होता. राजा ओलाफ हाराल्डसन १०३० मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडला आणि लवकरच संत म्हणून पूजला जाऊ लागला. त्या सुरुवातीच्या काळात चर्चचे खांब थेट जमिनीत पुरत. जमिनीच्या सपाटीला लाकडाला ओलही मिळते आणि हवाही, त्यामुळे ते तिथेच आधी कुजतं. वरची इमारत धडधाकट असली तरी बुडखा गेला की सगळंच गेलं. पश्चिम नॉर्वेच्या गुलातिंग कायद्यात तर कोपऱ्याचे खांब पडले तर बारा महिन्यांच्या आत नवं लाकूड जागेवर आणावं, असं कलमच होतं. पुढे सुतारांनी दगडी जोतं घातलं, त्यावर आडव्या तुळया टाकल्या आणि खांब त्या तुळयांवर उभे केले. आज नॉर्वेत अशी २८ चर्च टिकून आहेत, त्यामागे हा बदल आहे.

१९५६-५७ मध्ये संशोधक होकन क्रिस्ती यांनी उर्नेसच्या फरशीखाली खोदकाम केलं, तेव्हा पुरलेल्या खांबांचे खड्डे सापडले. खांब कुजून गेला तरी त्याच्या जागी भरलेली माती आजूबाजूच्या मातीहून वेगळी दिसते. असे खड्डे एका रेषेत लागले की भिंत कळते. मला हे खड्डे त्या देखण्या चौकटीइतकेच मोलाचे वाटतात. चौकट सुताराचा हात दाखवते, तर इमारत केवढी होती ते खड्डेच सांगतात. कोरीव फळ्या नेमक्या याच इमारतीच्या की मधल्या आणखी एखाद्या चर्चच्या, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही.

नॉर्वेतल्याच लोम गावच्या चर्चखालीही १९७३ च्या सुमारास तसेच खड्डे मिळाले. शिवाय दोन हजारांहून अधिक नाणी आणि रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला मजकूर कोरलेली एक काठी मिळाली. त्या काठीवर होवार्डने गुडनीला लग्नाची मागणी घातली आहे: कोलबाइनबरोबर राहायचं नसेल तर विचार कर आणि तुझी इच्छा कळव. जमिनीवरच्या लाकडी फळ्यांच्या फटींतून खाली गेलेल्या अशाच वस्तूंमुळे गावकऱ्यांचा रोजचा वावर कळतो, आणि नाण्यांमुळे तो कोणत्या काळातला हेही ठरवता येतं.