सेल्फची टकटक

मे महिन्यात तीन आठवडे गावी राहून परतलो, किल्ली फिरवली, तर गाडी नुसतीच ‘टक्... टक्... टक्’. डॅशबोर्डचे दिवे लागत होते, हॉर्नही वाजत होता. म्हणजे बॅटरीत जीव आहे, सेल्फच गेला, असं ठरवून मी तो खोलून घेतला. मजुरी गेली, टकटक तशीच.

चूक साध्या हिशेबाची होती. डॅशबोर्डच्या दिव्यांना जेमतेम एखादा अँपिअर पुरतो. इंजिन फिरवायला सेल्फ क्षणभर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. व्होल्टमीटरवरही फरक दिसतो तो इतकाच: पूर्ण भरलेली बॅटरी 12.6, उतरलेली 12च्या जरा खाली. सगळा जीव त्या पाऊण व्होल्टात!

उभ्या गाडीची वीज पितं कोण? घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग. सगळे मिळून 30 मिलिअँपिअर धरा. एकवीस दिवसांत 15 अँपिअर-तास होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वीज जागच्या जागी संपली.

नुसती उतरली असती तर चार्ज करून भागलं असतं. खरा घोळ आत होतो. 1859 साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी बनवलेल्या बॅटरीचीच ही नात-पणती: शिसं आणि लेड डायऑक्साइडच्या प्लेटा पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केलं तर त्याचे बारीक स्फटिक विरघळून जातात. पण साखरेचा पाक न हलवता ठेवला की कशी खडीसाखर धरते? तसंच इथेही लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर चढतात, टणक होतात, आणि प्लेटचा तेवढा भाग बाद होतो.

उन्हात झीज आणखी वेगाने होते; दर दहा अंशांना साधारण दुप्पट, असा ढोबळ हिशेब आहे. नागपूर-चंद्रपूरकडची बॅटरी मे महिन्यात पोखरली जाते आणि दगा देते डिसेंबरात, इंजिन ऑइल घट्ट झालेल्या एखाद्या सकाळी. शिव्या बसतात थंडीला.

कधी बॅटरी निर्दोषही असते. टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड दिसली तर आधी तिथे बघा. तिथला रोध शतांश ओहम जरी असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच गळतात. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रश मारा, कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा. झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांना बाधतात. अ‍ॅसिड तर घालूच नका. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे.

माझी बॅटरी शेवटी बदलावीच लागली. दहा नंबरचा पाना घेऊन आधी मायनस सोडवला. आधी प्लस सोडवायला गेलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. जवळपास बॅटरीतून निघालेला हायड्रोजन साठला असेल तर स्फोटाला एक ठिणगी पुरे. जुनी बॅटरी दुकानदाराने भंगाराच्या भावात वळती करून घेतली. तिचं शिसं वितळवून पुन्हा वापरतात.

नवी बसवताना क्रम उलटा, मायनस शेवटी. क्लॅम्प टेकताच बारीकशी ठिणगी उडाली. घड्याळ आणि अलार्म पुन्हा प्यायला बसले होते.