चित्रफितीचा कालावधी आणि फाइलचा आकार : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या टेपा डिजिटल करून घेणारे ग्राहक काम ताब्यात घेताना हमखास एक प्रश्न विचारतात : दोन्ही फाइली त्याच एका तासाच्या असताना एक सुमारे १३ जीबीची आणि दुसरी साडेतीन जीबीच्या आसपास, असे कसे? लहान फाइलमधून काही प्रसंग गाळले गेले असावेत, अशी शंका त्यामागे असते. आणि जे क्षण पुन्हा चित्रित करता येणार नाहीत त्यांच्याबाबत अशी काळजी वाटणे अगदी रास्त आहे. तसे काही गाळलेले नसते. मग हा फरक कोठून येतो, हे ग्राहकांना नीट समजावे आणि आपल्याला कोणत्या स्वरूपाची फाइल हवी हे त्यांना ठरवता यावे, यासाठी हे पत्रक आहे.

फाइलचा आकार ठरवणाऱ्या गोष्टी दोन : चित्रफीत किती वेळ चालते आणि तिच्या प्रत्येक सेकंदासाठी सरासरी किती माहिती साठवली आहे. या दुसऱ्या गोष्टीला बिटरेट म्हणतात आणि तो बहुधा मेगाबिट प्रतिसेकंद असा सांगितला जातो. आठ बिट मिळून एक बाइट होतो, त्यामुळे बिटरेटला सेकंदांनी गुणून आठाने भागले की आकार मिळतो. बिटरेट ८ मेगाबिट असेल तर सेकंदाला १ मेगाबाइट लागतो आणि ३,६०० सेकंदांच्या तासाला ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. तोच तास ४ मेगाबिटने साठवला तर १.८ जीबी पुरतात. मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत झाली की सगळा हिशेब आठपटीने चुकतो, म्हणून तेवढे जपावे.

बिटरेट इतका कमी-जास्त करता येतो याचे कारण कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती आटवून साठवणे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम असे चित्रीकरण जसेच्या तसे साठवायचे ठरवले, तर आवाज वगळूनही एका तासाला सुमारे ५६० जीबी लागतील. व्यवहारात हे परवडणारे नाही. त्यामुळे एच.२६४ सारखे कोडेक (चित्रफीत आटवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धती) शेजारशेजारच्या फ्रेममध्ये जे सारखे आहे ते पुन्हा न लिहिता फक्त बदल लिहितात, आणि डोळ्यांना फारसा जाणवत नाही असा बारीक तपशील सोडून देतात. स्थिर कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारी व्यक्ती थोडक्या माहितीत मावते. नाचणारा जमाव, हलणारी पाने किंवा पाण्यावरची लकाकी यांना पुष्कळ माहिती लागते, कारण तेथे दर फ्रेमला जवळजवळ सगळेच बदललेले असते. जुन्या टेपांची खरी अडचणही येथेच आहे. टेपवरील चित्रात जी खरखर दिसते ती प्रत्येक फ्रेममध्ये निराळी असते आणि कोडेकला तीही नवी माहितीच वाटते. म्हणून अंधुक, जुन्या टेपेला कमी बिटरेट पुरेल हा समज आम्हाला अनेकदा दूर करावा लागतो. बिटरेट अपुरा पडला की चेहऱ्यावरचे बारकावे पुसट होतात आणि गडद भागांत चौकोनी ठिपके दिसू लागतात.

सुरुवातीच्या १३ जीबीचा उलगडा आता करता येईल. ती फाइल डीव्ही पद्धतीची असते. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाते, मागच्यापुढच्या फ्रेमचा आधार घेतला जात नाही; त्यामुळे जागा अधिक लागते, पण संपादनासाठी ती सोयीची पडते. लहान फाइल एच.२६४ मध्ये, ८ मेगाबिटच्या आसपास बनवलेली असते. एच.२६५ हा २०१३ सालचा कोडेक साधारण तेवढाच दर्जा जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये देऊ शकतो, मात्र काही जुन्या टीव्हींवर तो चालत नाही. आवाजाचा वाटा या सर्वांत किरकोळ असतो : १२८ किलोबिटचा आवाज तासाला ६० एमबीसुद्धा घेत नाही.

अनेक फाइलींत बिटरेट सर्वत्र सारखा नसतो. जेथे हालचाल जास्त तेथे तो वाढतो, शांत दृश्यात उतरतो. त्यामुळे १ जीबीमध्ये किती मिनिटे बसतील याचे एकच उत्तर देता येत नाही, आणि कोणी दिले तर त्यांनी कोणता बिटरेट धरला आहे हे अवश्य विचारावे.

डीव्हीडीची मागणी अजूनही येते. साध्या एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. सरासरी ५ मेगाबिटने तीत दोन तासांहून थोडे अधिक चित्रीकरण बसते. तीन तासांची व्हीएचएस टेप एकाच डीव्हीडीत बसवायची तर आवाजासह सेकंदाला साडेतीन मेगाबिटांपेक्षाही कमी उरतात, आणि खरखर असलेल्या टेपेला ते पुरत नाहीत. अशा वेळी दोन डीव्हीडी घ्याव्यात, असाच आमचा आग्रह राहतो.

पेन ड्राइव्ह आणताना तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, हे पाहावे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणजे ८ मेगाबिटने सुमारे ७१ मिनिटांनंतर मर्यादा येते. मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. एक्सफॅट पद्धतीत ही अडचण येत नाही. तसेच १ टीबीची नवी डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवते, कारण उत्पादक १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या. डिस्कमध्ये दोष नसतो.

लहान केलेल्या फाइलचा बिटरेट नंतर वाढवला तर आकार वाढतो, पण गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून टेपेवरून प्रथम तयार झालेली मोठी फाइल ग्राहकांनी स्वतःजवळ जपून ठेवावी, शक्यतो दोन वेगळ्या डिस्कवर, आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी लागणाऱ्या लहान प्रती तिच्यावरूनच बनवाव्यात. फाइल दुसरीकडे नेताना केवळ दिसणाऱ्या कालावधीवर विसंबू नये. कालावधीची नोंद पुष्कळदा फाइलच्या सुरुवातीलाच असते, त्यामुळे अर्धवट उतरलेली प्रतही पूर्ण तास दाखवू शकते. दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते पाहावे आणि शेवटची काही मिनिटे चालवून बघितल्याखेरीज मूळ प्रत पुसू नये.