नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा : अर्ज, कागदपत्रे आणि अंकगणित

मुलाला पाचवीत घालतानाच शाळा कोणत्या हद्दीत आहे ते पाहा. जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. गावची झेडपी शाळा चौथीपर्यंत, म्हणून पाचवीला नगरपरिषद हद्दीतल्या शाळेत नाव घातले की मूल शहरी गटात जाते. त्या शाळेत एक दिवस शिकले तरी हेच. बऱ्याच हुशार पोरांची संधी इथे आकसते.

राहणे आणि पाचवीची शाळाही एकाच जिल्ह्यात हवी. वर्धा नदीच्या अलीकडे घर आणि पलीकडच्या जिल्ह्यात शाळा असे चालत नाही. घोट, बेलोरा, सेलुकाटे, नवेगावबांध अशी विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत विद्यालये आहेत. सहावीच्या जागा प्रत्येकी जास्तीत जास्त 80. परीक्षा एकदाच देता येते. 2026-27 च्या प्रवेशासाठी जन्मतारीख 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 दरम्यानची होती. ही चौकट दरवर्षी पुढे सरकते.

अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. मुलाचा फोटो, मुलाची व पालकाची सही, आधार आणि मुख्याध्यापकांचे ठरलेल्या नमुन्यातले सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र एवढे स्कॅन करून न्या. आधारवरचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरशी (प्रवेशाच्या नोंदवहीशी) आधीच जुळवा. नंतरच्या दुरुस्ती मुदतीत लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व व माध्यम एवढेच बदलते. ओबीसीसाठी केंद्राची यादी लागते. भटक्या-विमुक्तांचा वेगळा प्रवर्ग नाही.

पेपर 2 तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण : मानसिक क्षमता 40 प्रश्न, अंकगणित 20, भाषा 20. माध्यम मराठी घेता येते. तिन्ही भागांत वेगवेगळे पात्र व्हावे लागते, त्यामुळे 25 गुणांचे अंकगणित सोडून भागत नाही. त्याला 30 मिनिटे, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, नफा-तोटा, क्षेत्रफळ येते. रीत बरोबर असूनही मुले एककात चुकतात : लांबी मीटरमध्ये, रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि एकक न बदलता गुणाकार. गणित मांडण्याआधी एककाखाली रेघ ओढायची सवय लावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. उत्तरपत्रिकेवरचे गोल मात्र निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायचे, पेन्सिल चालत नाही; वहीवर सराव केलेली मुले इथेच अडखळतात, म्हणून छापील उत्तरपत्रिकेवर निदान आठ-दहा वेळा हात बसवून घ्या.